मातालेनाबाईंचा वजनकाटा

मातालेनाबाईंच्या उजव्या गुडघ्याची बातमी दवाखान्यातून फालेमोआना गावात त्यांच्याआधी पोचली. त्या बसमधून उतरल्या, तेव्हा फाट्यावर नारळ सोलत बसलेल्या माणसाने हातातला नारळ खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, दहा किलो म्हणे?"

"काय दहा किलो?"

"उतरवायचे म्हणे. नाहीतर नाच नाही म्हणे."

मातालेनाबाईंनी नुसती मान ताठ केली. त्यांची ही मान ताठ करण्याची पद्धत सगळ्या बेटाला ठाऊक होती. त्या हेडमास्तरीण होत्या तेव्हा ती मान पाहून पाचवीचा अख्खा वर्ग गप्प बसायचा. या नारळवाल्यालाही पाढे त्यांनीच शिकवले होते. त्यातला दहाचा पाढा तो पुढे अशा कामाला लावील, याची त्यांना त्या वेळी कल्पना नव्हती.

पण बातमी खरी होती. गावचं जुनं चर्च वादळात गेलं होतं आणि नवं आता बांधून होत आलं होतं. जुन्या चर्चच्या उद्घाटनाला शेवटचा नाच, म्हणजे ताउआलुंगा, मातालेनाबाईंनी केला होता. तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. अंगाला नारळाचं तेल, डोक्यावर केसांचा उंच मुकुट, आणि समोर अख्खा जिल्हा बसलेला. त्या दिवशी वाराही थांबला होता, असं त्या सांगत. त्यांच्या आईने तर मरेपर्यंत सांगितलं, म्हणजे ते खरंच असणार. आता नव्या चर्चच्या वेळीही तोच नाच त्याच मुलीने करावा, असं गावच्या पंचायतीने ठरवलं होतं. 'मुलीने' हाच शब्द पंचायतीने वापरला होता, आणि मातालेनाबाईंनी तो कोणाला दुरुस्त करू दिला नाही.

ताउआलुंगात उड्या नसतात, गिरक्या नसतात. पण सगळा वेळ गुडघे जरासे वाकलेले ठेवायचे, त्यावर हळूहळू सरकायचं, आणि चेहऱ्यावर मात्र काहीच भार नसल्यासारखं हसायचं. दवाखान्यातल्या सिस्टर रूताने गुडघा दाबून पाहिला आणि स्पष्टच सांगितलं, "बाई, नाताळपर्यंत दहा किलो उतरले तर हा तुम्हाला साथ देईल. नाही उतरले तर खुर्चीत बसून टाळ्या वाजवा. नाचायला फोलोलेबाई आहेतच की."

फोलोले म्हणजे मातालेनाबाईंची सामोआच्या राजधानीत, आपियात राहणारी चुलत बहीण. जन्मापासून काडीसारखी. तिचा नाच पाहून डास हाकलतेय असं वाटतं, हे मातालेनाबाईंचं मत चाळीस वर्षांत बदललेलं नव्हतं.

आता हे किलो आले कुठून, तर भावाच्या घरून. मातालेनाबाईंचा धाकटा भाऊ तावीता हा घराण्याचा सरदार. आणि सामोआत भावाच्या घरी जे काही शिजेल त्यातला पहिला आणि उत्तम वाटा बहिणीचा. रविवारी चर्च सुटलं की तापल्या दगडांच्या भट्टीतून अळूचे कंद निघत, नीरफणस निघत, अळूच्या पानांत बांधलेल्या नारळाच्या दाट दुधाच्या पुड्या निघत, त्यांना पालुसामी म्हणतात. मग तावीताची बायको पेनीना पहिलं ताट भरून मातालेनाबाईंकडे पाठवी. एके काळी या ताटाभोवती अकरा माणसं बसत. ताट फिरून परत यायचं तेव्हा ते पुसल्यासारखं लख्ख असायचं, आणि धाकटी लांगी पानाला चिकटलेलं नारळाचं दूध बोटाने चाटत बसायची. मग एकेक करत मुलं ऑकलंडला गेली, सिडनीला गेली, बाईंची आई देवाघरी गेली. ताट मात्र अकरा जणांचंच राहिलं. घरातली माणसं कमी झाली म्हणून बहिणीचा मान कसा कमी होणार? आणि मानाचं अन्न टाकून कसं द्यायचं? म्हणून मातालेनाबाई आणि त्यांचे यजमान इओसेफो, दोघंच, गेली काही वर्षं अकरा जणांची भूक निष्ठेने चालवत होते.

सिस्टर रूताने सांगितलं होतं, "तळव्याएवढं मांस आणि मुठीएवढा कंद. त्यापुढे नाही."

घरी येऊन बाईंनी आपली मूठ कंदाशेजारी धरली. इओसेफोंनी ती पाहिली आणि त्यांना गलबलून आलं.

"अगं, सिस्टर मूठ म्हणाली ना? कोणाची ते म्हणाली का?" आणि त्यांनी आपली मूठ टेबलावर ठेवली. इओसेफो तरुणपणी रग्बीत पहिल्या फळीत खेळलेले. टेबल हललं.

"अहो, गुडघा माझा आहे. मूठही माझीच असणार."

"पण कंद माझ्या भावाने लावलेला आहे," इओसेफो म्हणाले. याचा मुठीशी काय संबंध, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. ते दुसऱ्या गावचे. लग्न होऊन बायकोच्या गावी राहिलेले, म्हणजे घरजावई, आणि घरजावयाला वादात आपल्याकडचा एखादा भाऊ आणल्याशिवाय जोर येत नाही.

दोन दिवसांत या मुठीचा गावभर विचार झाला. शेजारीण म्हणाली, मूठ घट्ट आवळलेली धरायची की सैल, हे आधी विचारून या. पाद्रीणबाई म्हणाल्या, जेवणाआधीची प्रार्थना लांबवा, अन्न गार झालं की कमी जातं. नारळवाल्याने सुचवलं की समुद्रात गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहून जेवावं, पाण्यात वजन कमी भरतं. या शेवटच्या सल्ल्यावर मातालेनाबाईंनी थोडा विचार केला, कारण विज्ञान त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

शेवटी त्यांनी ऑकलंडला लांगीला फोन लावला. "आई, मुठी कसल्या मोजतेस?" लांगी म्हणाली. "मी वजनकाटा पाठवते. स्वयंपाकघरातला, आकडे दाखवणारा. अडीचशे ग्रॅम कंद, त्यावर एक ग्रॅम नाही."

काटा जहाजाने आला आणि बंदरावरच्या एका कचेरीत अडकला. त्या कचेरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, कारण ती कचेरी होती असं आता कोणीच कबूल करणार नाही. तिथल्या साहेबांनी मातालेनाबाईंना पाहताच उठून नमस्कार केला. हाही त्यांचाच विद्यार्थी, गणितात कायम काठावर.

"बाई, या काट्यावर तुम्ही काय विकणार?"

"काही नाही."

"मग काय विकत घेणार?"

"काही नाही. मी माझं जेवण मोजणार आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे घरात कोणी तुमचं जेवण काढून घेतं असा संशय आहे का?" आणि त्यांनी सावकाश इओसेफोंकडे पाहिलं. इओसेफो छताकडे पाहू लागले.

"असं काही नाही," बाई म्हणाल्या. "मला कमी जेवायचं आहे."

कमी जेवण्यासाठी काटा मागवणारा माणूस त्या कचेरीत आजवर आला नव्हता. नियम मात्र होता, की बाहेरून आलेल्या प्रत्येक काट्यावर सरकारी मोहर हवी. साहेबांनी काटा उलटापालटा केला, मासळीच्या मोठ्या तराजूवर ठेवून काट्याचंच वजन करून घेतलं, आणि शेवटी एक मोठी गोल चिकटपट्टी त्याच्या तोंडावर, डाव्या कोपऱ्यात, अंगठ्याने घट्ट दाबून बसवली. "ही काढायची नाही हं बाई. मोहर तोडणं गुन्हा आहे."

"मी कायदे पाळणारी बाई आहे," मातालेनाबाई म्हणाल्या. पुढचे तीन आठवडे त्यांनी तो एकच कायदा पाळला.

काट्याचं वाचन आपोआपच इओसेफोंकडे आलं. त्यांनी जन्मभर वीज खात्यात मीटर वाचले होते. निवृत्तीनंतर त्यांना वाचायला काही उरलं नव्हतं. जेवणाच्या वेळी ते इस्त्रीचा शर्ट घालून काट्यासमोर उभे राहत. बाई पानात नेहमीचे कंदाचे तुकडे वाढत, पालुसामीच्या पुड्या ठेवत, आणि इओसेफो खणखणीत आवाजात सांगत, "दोनशे चाळीस!"

"बघा," बाई म्हणाल्या, "मी आधीपासूनच बेतानेच जेवत होते. गाव उगीच बोलतं."

एक गोष्ट मात्र विचित्र होती. बाईंनी एकदा आणखी संयम दाखवायचा म्हणून कंदाचा एक तुकडा काढून ठेवला, तर आकडा एकदम आठशे नव्वदवर गेला. तुकडा परत ठेवला, दोनशे चाळीस. पुन्हा काढला, आठशे नव्वद.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

इओसेफोंनी वाकून पाहिलं, शर्टाच्या बाहीने काच पुसली आणि म्हणाले, "नवं यंत्र आहे. थंड देशातलं. इथली हवा त्याला जड जाते. तू तुकडा काढू नकोस, त्याने वजन वाढतं."

गणित शिकवण्यात हयात गेलेल्या बाईंना हे पटलं कसं, असं कोणी विचारील. तर पुढ्यातलं ताट त्यांना लहानपणापासून दिसत आलं होतं तेवढंच दिसत होतं, आणि तेवढं ताट बरोबर आहे असं काटाही म्हणत होता. इतक्या आपलेपणाने बोलणाऱ्या यंत्रावर कोण संशय घेईल?

तीन आठवड्यांनी सिस्टर रूताने त्यांना दवाखान्यातल्या काट्यावर उभं केलं आणि आकडा दोनदा वाचला. "बाई, दोन किलो वाढलेत."

"तुमचा काटा बिघडला आहे. माझ्या काट्यावर सरकारी मोहर आहे."

"घेऊन या," रूता म्हणाली.

काटा आणला. रूताने त्यावर एक किलो साखरेची बंद पिशवी ठेवली. काट्याने दाखवलं, शून्य, शून्य, शून्य.

दवाखान्यात बसलेले सगळे रोगी वाकून बघू लागले. रूताने नखाने मोहरेचा कोपरा उचलला. त्याखाली सुरुवातीचा एक आकडा, गेले तीन आठवडे अंधारात बसलेला, शांतपणे चमकत होता.

"म्हणजे दोनशे चाळीस नव्हे," रूता हळूच म्हणाली, "बाराशे चाळीस."

एका म्हाताऱ्याने ही बेरीज बोटांवर करून पाहिली आणि त्याला हसू आवरेना. इओसेफो पुटपुटले, "मीटरवर कधी कोणी चिकटपट्टी लावत नाही." मातालेनाबाईंनी मान ताठ केली, पण ती पहिल्यासारखी ताठ झाली नाही. हजाराचं स्थान त्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवलं होतं. ते त्यांच्याच पानात लपून बसलं होतं.

अशा अपमानानंतर माणूस एकतर काटा समुद्रात फेकतो, नाहीतर हट्टाला पेटतो. बाई हट्टाला पेटल्या. मोहर गेलीच होती. त्या रविवारी तावीताच्या घरी मोठं जेवण होतं, पाद्री आणि पंचायतीतले चार मानकरी जेवायला होते. मातालेनाबाई हातात माशांचं गाठोडं असावं तसा रुमालात गुंडाळलेला काटा घेऊन गेल्या.

प्रार्थना झाली. पेनीनाने पहिलं ताट वन्संपुढे ठेवलं आणि शेजारी बसून पंख्याने माशा वारू लागली. डुकराचा पोटाकडचा मऊ भाग, जो तिथे बहिणीच्या मानाचा, तो सगळ्यात वर होता. मातालेनाबाईंनी रुमाल सोडला, काटा चटईवर ठेवला आणि ताटातला तो तुकडा उचलून काट्यावर ठेवला.

पंखा थांबला. पाद्रींच्या हातातला कंद तोंडापाशी थांबला.

"वन्सं," पेनीना अगदी हळू आवाजात म्हणाली, "कमी भरलं का?"

"नाही गं," बाई काट्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "जास्तच भरलं."

"जास्त? म्हणजे कमी येत असेल असं वाटत होतं वाटतं?"

आता कुठे मातालेनाबाईंनी वर पाहिलं, आणि त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. त्या घरात कंद मोजून खाणाऱ्याला कोणी हसलं असतं, विसरलं असतं. पण भावाने दिलेला वाटा बहिणीने काट्यावर ठेवायचा, तोही चार मानकऱ्यांसमोर! म्हणजे भावाच्या देण्यावर संशय, आणि ते वाढणाऱ्या हातावर तर उघड आरोप.

"अगं पेनीना, ते माझ्या गुडघ्यासाठी..."

"लग्न होऊन आले तेव्हापासून ताट पाठवतेय मी," पेनीना म्हणाली. "तापात पाठवलं, बाळंतपणात पाठवलं. वादळात घराचं छप्पर उडालं त्या रविवारीसुद्धा पाठवलं, पानावर पानं झाकून. कधी माझ्या पोरांना आधी वाढलं नाही. आणि आता वजन!"

तावीताने डोळे मिटले. बहिणीला काही बोलायची त्याला सोय नव्हती, आणि बायकोसमोर गप्प बसायचीही नव्हती. असा माणूस नेहमी डोळे मिटतो.

पुढच्या रविवारी पेनीनाने दोन पोरींच्या खांद्यावर काठीला बांधून अख्खं डुक्कर पाठवलं. सोबत निरोप होता, "मोजून घ्या म्हणावं." इओसेफोंनी ते काट्याशेजारी नेऊन ठेवलं आणि काट्याकडे कीव येऊन पाहिलं.

गोष्ट एवढ्यावर मिटली असती, पण गावचा वक्ता काटा उसना न्यायला आला. समारंभात सरदारांच्या वतीने बोलतो तो वक्ता, आणि डुकराचा पाय त्याच्या मानाचा. त्याला बरेच दिवस शंका होती की पलीकडच्या आळीतल्या वक्त्याचा पाय आपल्या पायापेक्षा भारी असतो. नाही म्हणायला मातालेनाबाईंना तोंड नव्हतं. काटा गेला आणि शंका खरी निघाली. मग पाठीचा भाग ज्याच्या मानाचा त्याने पाठ मोजली. मग डोकं मिळणाऱ्या तरण्या पोरांनी डोकी मोजली. दोन आठवड्यांत गाव असं झालं, की ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या सुरी कुठे फिरवायची एवढाच प्रश्न होता, तिथे लोक ग्रॅमवरून भांडू लागले. एका जेवणात पाद्रींचा वाटा कमी भरला तेव्हा पाद्रींनी क्षमेवर प्रवचन दिलं, पण प्रवचन बरंच लांबलं.

पंचायत बसली. निर्णय असा झाला की काटा जेवणाच्या जागी आणायचा नाही, आणि ज्यांच्या घरातून तो निघाला त्या घराने दहा खोकी डबाबंद मासे दंड द्यावा. इओसेफोंनी खोकी नेऊन दिली. रिवाजाप्रमाणे दंड गावातल्या सगळ्या घरांत वाटला गेला, आणि मातालेनाबाईंचंही घर गावातच असल्यामुळे दोन डबे संध्याकाळी परत घरी आले.

"मोजून घेऊ?" इओसेफोंनी विचारलं. बाईंच्या नजरेने ते डबे घेऊन मुकाट मागच्या दारी गेले.

त्यानंतर ताटं बंद झाली. पेनीनाचं ताट येईना, शेजारणीचा नीरफणस येईना, पाद्रीणबाईंची खीर येईना. राग नव्हता सगळ्यांचाच. भीती होती. ज्या घरात वजन होतं तिथे कमी पाठवायची लाज आणि जास्त पाठवायचाही धाक. मातालेनाबाई रोज मुठीएवढा कंद, आपल्याच मुठीएवढा, आणि उकडलेल्या माशाचा तळव्याएवढा तुकडा खाऊ लागल्या. काट्याची गरजच उरली नाही, कारण जास्तीचं काही नव्हतंच. रविवारी चर्च सुटलं की त्या ओट्यावर बसत आणि गल्लीतून दुसऱ्यांकडे जाणारी ताटं पाहत. अकरा माणसं असताना या वेळी घरात कोणाचं कोणाला ऐकू येत नसे. आता इओसेफोंचं चघळणं ऐकू यायचं.

सिस्टर रूता मात्र आनंदात होती. "बाई, कमाल आहे! नऊ उतरले. काट्याचा गुण!"

"काट्याचाच," मातालेनाबाई म्हणाल्या.

नऊ गेले, दहावाही निघाला, आणि दहावा गेला त्याच दिवशी इओसेफो बातमी घेऊन आले. नाचणारीला तेल लावायचं, नेसवायचं, डोक्यावर मुकुट बांधायचा, हे काम सरदाराच्या बायकोचं. आणि पेनीनाने पंचायतीला कळवलं होतं की तिचे हात दुखतात. मातालेनाबाई नाचणार असतील तर जास्तच दुखतील. फोलोलेला आपियाहून बोलावणं गेलं होतं.

बाई उठल्या, पेटी उघडली, आणि आईने दिलेली जुनी तलम चटई बाहेर काढली. ती चटई अशी मऊ की कापडासारखी घडी व्हावी.

"अगं, हे काय?" इओसेफो घाबरले. सामोआत मोठा अपराध घडला की अपराधी माणूस अशी चटई डोक्यावरून घेतो आणि ज्याचा अपराध केला त्याच्या दारात जमिनीवर बसतो, तो माफ करेपर्यंत. पण हे खुनामारामारीचं. आणि बहिणीने भावजयीच्या दारात बसल्याचं तर कोणी ऐकलेलंही नव्हतं. "अगं, तू बहीण आहेस या घराण्याची! तिनेच तुझ्या दारात बसायचं."

"चूक बहिणीने केली तर कोणी बसायचं? तुम्ही?" बाईंनी विचारलं. इओसेफो, घरजावईच ते, चटकन म्हणाले, "मी बसतो की." तेव्हा पुष्कळ दिवसांनी मातालेनाबाई हसल्या.

सकाळी उन्हं वर आली तेव्हा त्या पेनीनाच्या स्वयंपाकघराच्या दारात मांडी घालून बसल्या होत्या, चटई डोक्यावरून पायापर्यंत ओढलेली. आत घाम येत होता. एक कोंबडी येऊन मांडीवर चढली, तिने जागा पसंत केली आणि बसली. मातालेनाबाईंनी तिलाही काही म्हटलं नाही. अपराध्याने हलायचं नसतं.

तेवढ्यात पेनीना झाडू घेऊन बाहेर आली. ती उन्हाळी हवा, घरोघरी चटया उन्हाला घातलेल्या. ही आपलीच कोणी पोरीने वेडीवाकडी टाकलेली चटई, असं समजून तिने कोंबडीला हाकललं आणि धूळ झाडायला झाडू उचलून दोन सणसणीत हाणले.

चटई म्हणाली, "हं."

पेनीनाच्या हातातला झाडू गळाला. तिने चटईचं टोक उचललं. खाली तिची वन्सं, घामाने थबथबलेली, मान ताठ.

"अगंबाई! वन्सं! मी तुम्हाला झाडूने..."

"मार अजून," मातालेनाबाई म्हणाल्या. "दोनच बसले. काय तो हिशेब पुरा करून टाक."

"तुम्ही माझ्या दारात? उठा, उठा, कोणी बघितलं तर मला गावातून काढतील!"

"माफ केलंस असं म्हण, मग उठते. तुझ्या हाताला मी काट्यावर ठेवलं, पेनीना. तुझ्या हाताने मला कधीच कमी दिलं नाही. जास्तच दिलं, म्हणून तर..." आणि त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं.

पेनीनाने गुडघ्याकडे पाहिलं. मग डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. "वन्सं, तुम्ही मांडी घातली आहे."

"घातली आहे."

"खाली जमिनीवर. कधीपासून?"

"कोंबडा आरवला तेव्हापासून."

गेली कित्येक वर्षं मातालेनाबाई चर्चमध्येसुद्धा खुर्चीवर बसत आल्या होत्या, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पेनीना त्यांच्यासमोर मटकन खाली बसली. थोडा वेळ ती हसतेय की रडतेय ते कळेना, मग दोन्ही एकदम सुरू झालं. आतून तावीता बाहेर आला. बहीण आणि बायको दारात एका चटईखाली बसलेल्या पाहून तो डोळे मिटणार होता, पण या वेळी त्याने ते उघडे ठेवले.

"त्या फोलोलेला निरोप पाठवा," पेनीना नाक पुसत त्याला म्हणाली. "म्हणावं, माझे हात बरे झाले."

उद्घाटनाला मुलं आली. ऑकलंडची आली, सिडनीची आली, लांगी तिची तीन पोरं घेऊन आली. पेनीनाने वन्संना तेल चोळलं, तलम चटई नेसवली, आणि केसांचा मुकुट असा बांधला की मातालेनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "घट्ट झाला का?" तिने विचारलं. "हो, घट्टच ठेव," बाई म्हणाल्या.

मग नव्या चर्चसमोरच्या हिरवळीवर, सगळा जिल्हा बसलेला असताना, एकोणीस वर्षांची मुलगी पुन्हा उठली. गुडघे वाकले आणि तसेच राहिले. हात पाण्यावरच्या पक्ष्यासारखे हलके फिरले. सिस्टर रूता गुडघ्याकडेच बघत होती, पण थोड्या वेळाने तीही विसरली. इओसेफो नाचणारीच्या मागे नाचणाऱ्यांत होते, धडपडत, आरोळ्या मारत, तिचं रूप खुलावं म्हणून मुद्दाम विद्रूप होत, आणि हे काम त्यांना मीटर वाचण्यापेक्षाही छान जमत होतं. फोलोलेसुद्धा टाळ्या वाजवत होती. वारा थांबला की नाही ते सांगता येत नाही. लांगी म्हणते थांबला.

जेवणाच्या वेळी पेनीनाने मातालेनाबाईंचं ताट दोन्ही हातांनी आणलं. त्यात कंद, नीरफणस, पुड्यांची चळत, कोंबड्या, आणि वर डुकराचा तो मऊ भाग. तिच्यामागून वक्ता काटा घेऊन आला. पंचायतीने एका दिवसासाठी बंदी उठवली होती.

"वन्सं, मोजून घ्या," पेनीना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली आणि ताट काट्यावर ठेवलं.

इओसेफो शर्ट सारखा करत वाकले. काट्यावर आकडे काही क्षण धावले आणि मग आकडाच दिसेना. नुसत्या आडव्या रेघा लुकलुकू लागल्या.

"किती?" वक्त्याने विचारलं.

"वाचता येत नाही," इओसेफो म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच त्यांनी हे वाक्य उच्चारलं. "याच्या ताकदीबाहेर आहे."

पेनीनाने एकवार सगळ्या मानकऱ्यांकडे पाहिलं, दोन्ही वक्त्यांकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि मान ताठ केली. ती मान कोणाकडून उचलली होती ते सगळ्यांना कळलं.

मातालेनाबाईंनी आपल्या मुठीएवढा कंद आणि तळव्याएवढा तुकडा काढून घेतला आणि ताट पुढे सरकवलं. ते लांगीकडे गेलं, तिच्या पोरांकडे गेलं, सिडनीकरांकडे गेलं. फिरून परत आलं तेव्हा पुसल्यासारखं लख्ख होतं, आणि लांगीची धाकटी पानाला चिकटलेलं नारळाचं दूध बोटाने चाटत बसली होती.